कुणाच्या नावाची मेहंदी

मी, किर्ती धोंडिबा सकुंडे, वय एकतीस, धंदा लग्नकार्यात मेहंदी काढणे, राहणार खरवई, बदलापूर, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. मला कोणी धमकी दिलेली नाही, आमिष दाखवलेले नाही, आणि मी कसल्याही नशेत नाही. लिहिण्याची कारणे दोन. लहानपणच्या सांधेतापाने माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली असून ती येत्या मंगळवारी मुंबईत बदलायची आहे. दुसरे कारण किळस.

या शस्त्रक्रियेतून बहुतेक लोक बरे होऊन घरी जातात, असे सर्जन म्हणाले. लॅबमध्ये असताना मी 'बहुतेक' हा शब्द कोणत्याही रिपोर्टात लिहिला नाही. म्हणून हा कागद. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी माणसे. वडील धोंडिबा सकुंडे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला होते. मी कॉलेजात असताना वारले. मागे आई द्रौपदी, जिला सगळे माई म्हणतात. धाकटा भाऊ सुजित आणि त्याची बायको भावना अंबरनाथला आमच्या जुन्या घरात राहतात. ते घर वडिलांनी सुजितच्या नावे केले होते, त्यावर माझा काही दावा नाही आणि कधी नव्हता. मी अविवाहित आहे. त्या विषयावर या कागदात चर्चा नाही.

२. खरवईचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो माईला. कर्जाला विमा आहे, कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत. माईने त्यात राहावे, भाड्याने द्यावा, विकावा, तिची मर्जी. सुजितने तिथे पाहुणा म्हणून यावे, जेवावे, जावे. फ्लॅटचा उपयोग गोदाम म्हणून होणार नाही. एकही खोका, अगदी दोन दिवसांसाठी सुद्धा, बेडखाली ठेवला जाणार नाही. हे कलम कोणासाठी आहे ते त्याला कळेल.

३. बँकेतले पैसे माईला. दागिने नाहीत. कानातले दोन खडे आहेत, ते शस्त्रक्रियेआधी काढायला सांगितले आहेत, तेव्हा ते आधीच माईच्या पर्समध्ये असतील.

४. या मृत्युपत्राची अंमलबजावणी विनीत यांनी करावी. आम्ही अंबरनाथच्या एमआयडीसीत एकाच लॅबमध्ये काम केले. ते कमी बोलतात आणि दोनदा मोजतात. त्यांनी होकार देताना एवढेच विचारले, "घरच्यांचा फोन आला तर उचलायचा का?" मी म्हटले, उचलायचा आणि कलम वाचून दाखवायचे.

५. हत्यारे. डिजिटल काटा, मेहंदी गाळायची रेशमी कापडे, छोटा डीप फ्रीझर, टेबलाला अडकवायचा दिवा, बुटके स्टूल आणि कोनाचे टोक साफ करायच्या सुया हे सर्व अक्षदाला. अक्षदा माझ्यासोबत काम करते. तिची रेषा माझ्याहून सरळ आहे. फक्त तिने पाठ ताठ ठेवायला शिकावे, नाहीतर चाळिशीत मान जाईल.

फ्रीझरमध्ये भरलेले कोन असतील ते वापरून टाकावेत. त्यात पानाची पावडर, लिंबू, साखर आणि निलगिरीचे तेल याखेरीज काही नाही. मी रसायनशास्त्रात पदवी घेतली आहे, आणि त्या शिक्षणाचा माझ्या मेहंदीला सर्वांत मोठा उपयोग कोणता, तर काय घालायचे नाही हे मला माहीत आहे.

लॅब सोडून मी या धंद्यात का आले, असे नातेवाईक अजून विचारतात. माई उल्हासनगरला ईश्वरीबाईंच्या कारखान्यात पापड लाटायची. ईश्वरीबाईंच्या मुलीचे लग्न ठरले आणि ठरलेली मेहंदीवाली ऐन वेळी आली नाही. मी सुट्टीच्या दिवशी माईला डबा द्यायला गेले होते. माईने सांगितले, हिला येते. ईश्वरीबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि माईचा तळहात उघडून पाहिला. त्यावर मी आदल्या दिवशी काढलेला एक ठिपका होता, काळपट तपकिरी.

"ये कलर किसने किया?"

"पोरगीने."

"बस. बैठ जा बेटा, चाय बाद में."

त्या ठिपक्याबद्दल लिहायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. नवीन पावडर आली की मी तिची चाचणी माईच्या तळहातावर घ्यायचे. एकच ठिपका, मधोमध. वर्षानुवर्षे पापड लाटून तिची कातडी जाड आणि हात कायम गरम. अशा हातावर मेहंदी सर्वांत गडद चढते. वडील गेल्यानंतर माईने मेहंदी काढून घेतली नाही, पण ठिपक्याला ती नाही म्हणायची नाही. तो कोणाला दिसू नये म्हणून रिक्षात मूठ मिटून बसायची. मी धंद्याला नाव दिले ते 'द्रौपदी मेहंदी'. नाव आणि त्याखालचे ठिपक्याचे चिन्ह माझ्या नावे रीतसर नोंदलेले आहे.

६. ग्राहकांना मी काही ठेवत नाही. त्यांनी मला बरेच दिले आहे. ताटातले पनीर खाऊन न पुसलेले हात दिले आहेत. नवरीच्या हातात नवऱ्याचा चेहरा काढायला सांगितला आहे आणि नंतर नाक त्याच्यासारखे आले नाही म्हणून तक्रार केली आहे. दारू पिऊन मित्रांच्या आग्रहाने पुढे केलेले काकांचे हात दिले आहेत, आणि ते हात परत घेताना केलेला उशीर. "एवढी शिकलेली आहेस तर हे काय करतेस" असे म्हणून त्याच दमात "माझ्या भाचीचं पण काढून दे ना, छोटंसं" असे म्हटले आहे. हे सगळे अंगावरून जाते. अंगावरून जात नाही ते एकच वाक्य, आणि ते प्रत्येक घरात आहे. रंग गडद आला तर सासरी प्रेम मिळेल. फिका आला तर सासूच्या चेहऱ्यावर दिसते. कोवळ्या कातडीच्या पोरी थंड पडलेले हात चुलीवर शेकत बसलेल्या मी पाहिल्या आहेत, का तर उद्या कोणीतरी हात उलटा करून बघणार. याच भीतीवर पाच मिनिटांत काळा होणारा कोन विकला जातो.

७. सुजितचे लग्न. हे कलम मिळकतीबद्दल नाही. पण ज्याला मी काय ठेवले आणि काय ठेवले नाही हे समजून घ्यायचे असेल त्याने ते वाचावे.

अंबरनाथच्या हॉलमध्ये भावनाची मेहंदी मी काढली. खरी मेहंदी पहिल्या दिवशी नारिंगी दिसते आणि दोन दिवसांत गडद होते. तिला पाणी लावायचे नसते, वाळल्यावर खरवडून काढायची असते. मी हे सांगितले. भावनाच्या बहिणींनी घाईत तिचे हात नळाखाली धरले. रंग नारिंगी. वडिलांची मोठी बहीण बनूआत्या हात बघायला आली.

"एवढा धंदा करतेस आणि घरच्या सुनेला भोपळ्याचा रंग?"

"परवा बघ आत्या."

"परवा कोण बघतंय? लग्न उद्या आहे."

सगळे हसले. सुजितही हसला आणि मला म्हणाला, "बरोबर आहे ताई तिचं. लोकांना उद्याचा रंग नको असतो, आत्ताचा पाहिजे." तेव्हा मला ते बोलणे थट्टेचे वाटले. तो धंद्याचा विचार करत होता.

पाहुणे चहाला उठले तेव्हा माझ्याकडे एक कोन उरला होता. माई कोपऱ्यात खुर्चीवर बसून बाकीच्यांचे हात बघत होती. मी स्टूल तिच्यापुढे सरकवले आणि तिचे दोन्ही हात घेतले. ती नको म्हणाली, पण हात मागे घेतले नाहीत. मी ठिपक्यापासून सुरुवात केली आणि तळहात भरून काढला. ती मुलाची आई होती. त्या दिवशी हॉलमध्ये असलेल्या प्रत्येक बाईच्या हातावर, अगदी स्वयंपाक्यांच्या बायकांच्या हातावरही, मेहंदी होती.

बनूआत्या चहाचा कप घेऊन परत आली आणि थांबली.

"ही कुणाच्या नावाची काढलीस गं?"

"मेहंदी आहे आत्या, सातबारा नाही. नाव लागत नाही."

"तुला नाही लागत. तिला विचार. धोंडिबा आहे का बघायला?"

माई उठली. "राहू दे, मी धुते," एवढेच म्हणाली. मी मागे गेले तोपर्यंत बाथरूमचे दार आतून लावलेले होते. साबणाने रंग गेला नाही. खरा होता, जाणार नव्हता. मग तिथे फरशी पुसायची पांढरी बाटली होती ती तिने हातावर ओतली आणि घासले. बाहेर आली तेव्हा तळहात लाल होते आणि रंग तरीही होता. लग्नाच्या प्रत्येक फोटोत माईचे हात पदराखाली आहेत. सुजितने तिला सांगितले, "बरं केलंस माई. उगाच चर्चा नको."

उगाच चर्चा नको. हे शब्द लक्षात ठेवावेत.

८. कोन. या वर्षी सुजितने कुरिअरची नोकरी सोडली आणि उल्हासनगरला गाळा घेऊन रेडी कोन भरायला सुरुवात केली. त्यात कोणीतरी विकलेली काळी पावडर आहे. ती केसांच्या डायमध्ये वापरतात. आमच्या लॅबमध्ये ती बाटली उघडायची तर हातमोजे, मास्क आणि पंखा लागायचा, आणि बाटलीवर लाल अक्षरांत कातडीला लावू नये असे होते. सुजितला ही गोष्ट मी स्वतः सांगितली होती, त्याच्याच जेवणाच्या टेबलावर, खूप आधी.

त्याला पेटीवर छापायला फोटो हवा होता. म्हाताऱ्या, कष्टाच्या हातावर काळाभोर रंग. 'माईंची पारंपरिक मेहंदी', असे काहीतरी. तो माईला म्हणाला, एक दिवस माझ्याकडे ये, नातवंड नाही तर निदान आई तरी घरात दिसू दे. माई गेली. भावनाने तिच्या उजव्या हातावर त्यांचा कोन लावला, तळहातापासून मनगटाच्या वरपर्यंत. जे हात लग्नात झाकायचे होते तेच आता पेटीवर पाहिजे होते. मला जी किळस येते ती नेमकी इथे येते, पावडरीपेक्षाही इथे.

माई परत आली ती मनगटाला फडके गुंडाळून. शेजारच्या डॉ. मैत्रेयी यांच्याकडे ती एकटीच जाऊन आली होती. कागदावर लिहिले होते: भाजले, तवा. रात्रीचे जेवण करण्याआधी मी पट्टी बदलायला घेतली. तळहाताला काही झाले नव्हते, पापडाने राठ झालेली कातडी होती ती. मनगटाच्या आत, जिथे कातडी पातळ असते, तिथे फोड होते. पाण्याने भरलेली एक मोठी कोयरी, तिच्या आत लहान कोयरी आणि कडेने ओळीत ठिपके.

"माई, कुठल्या तव्याने भाजलं?"

"आपल्याच. कुठल्या म्हणजे?"

"आपल्या तव्याला वेलबुट्टी कधीपासून आहे?"

"तू जेव. गार होतंय."

"माई."

"त्याचं आत्ता कुठे सुरू झालंय, किर्ती."

त्यानंतर तिने विषय बंद केला आणि आजपर्यंत उघडला नाही.

सुजितचा कोन मी विनीतना दिला. त्यांनी तपासून सांगितले की केसांच्या डायमध्येही एवढी पावडर चालत नाही. पेटीवर शंभर टक्के नैसर्गिक असे आहे. मी सुजितला फोन केला.

"ताई, सगळे घालतात."

"सगळे आपल्या आईच्या हातावर लावत नाहीत."

"काय झालंय तिच्या हाताला? तवा लागला ना? तिलाच विचार. ती काय म्हणते ते लिही तुझ्या रिपोर्टात."

त्याने हे बरोबर ओळखले आहे, म्हणून सरळ लिहिते. मी सरकारकडे द्यायची तक्रार तयार केली आहे. विनीतचा रिपोर्ट जोडलेला आहे. ज्याला दुखापत झाली त्याच्या जबाबाची जागा रिकामी आहे. माई तवा म्हणत राहिली तर ती रिकामीच राहील. दुसरीकडे सुजितने माईकडे एक संमतीपत्र दिले आहे. त्यावर तिने सही केली की तिचा फोटो आणि तिचे नाव पेटीवर छापता येईल. छपाई त्यासाठी थांबली आहे. तो रोज संध्याकाळी फोन करतो. मी दवाखान्यात असेन तेव्हा माई त्याच्या घरी असेल. त्याला तिने आजवर कशालाही नाही म्हटलेले नाही.

९. म्हणून 'द्रौपदी मेहंदी' हे नाव आणि ठिपक्याचे चिन्ह मी अक्षदाला देते, माईला नाही. माईला दिले तर सुजित सही मागेल आणि ती देईल. हे वाचून तिला वाईट वाटेल. पण ते खरे आहे, आणि मृत्युपत्रात सोयीचे लिहिण्यात अर्थ नसतो. अक्षदाने हे नाव विकू नये, भाड्याने देऊ नये आणि कोणत्याही रेडी कोनावर छापू नये. पाच मिनिटांत रंग मागणाऱ्या ग्राहकाला नाही म्हणावे. कारण सांगत बसू नये.

१०. सुजितला, माईच्या मनगटाचा मी काढलेला फोटो, फ्रेम करून. फोड त्यात स्पष्ट आहेत, उजेड चांगला होता. पेटीवर फोटो हवाच असेल तर त्याने हा छापावा. माझी परवानगी आहे. माईची त्याने स्वतः मागावी, तिच्या तोंडाकडे बघून.

भावनाला, माझ्या हातमोज्यांच्या सर्व पेट्या. तिच्या बोटांची टोके काळी आहेत हे मी दिवाळीत पाहिले. कोन तीच भरते. तिने सुजितला न विचारता घालावेत. तिने एवढे मानले तर माझे तिच्याशी भांडण नाही. तिलाही त्या घरात सून म्हणून हात उलटे करून दाखवावे लागले आहेत.

बनूआत्याला, भावनाच्या हातांचा लग्नानंतर दुसऱ्या दिवशी काढलेला फोटो. रंग जांभळट तपकिरी आहे. त्यात भोपळा दिसला तर कळवावे.

११. माझ्या शरीराबद्दल. डोळे दान केले आहेत, कार्ड पाकिटात आहे. उरलेले शरीर विद्युतदाहिनीत. अविवाहित मुलगी गेली म्हणून हिरवा चुडा, साडी, मळवट असे काही करू नये. माझ्या हातावर मेहंदी काढू नये. मी कधीच काढून घेतली नाही. हात कामात असतात आणि दुसऱ्याची रेषा मला पाहवत नाही.

त्याऐवजी माझे कार्य होईल त्या दिवशी अक्षदाने माईच्या दोन्ही हातांवर मेहंदी काढावी. आधी कोपराच्या आत एक ठिपका लावून चोवीस तास वाट पाहावी. फोड आला नाही तरच पुढे जावे. तळहात भरून काढावी, घाई करू नये, आणि वाळेपर्यंत अक्षदाने बाथरूमच्या दारात बसून राहावे. माईला हात धुवायला कोणी सांगितले तर त्याला चप्पल घालायला सांगावे.

१२. हे कलम मी आज हाताने लिहीत आहे. बाकीचा कागद टाइप केलेला आहे. पोटात काही राहू नये म्हणून काल संध्याकाळी, साक्षीदार यायच्या एक दिवस आधी, मी हा सर्व मजकूर माईला वाचून दाखवला. ईश्वरीबाई उल्हासनगरहून पापडांची पिशवी घेऊन लवकर आल्या होत्या आणि मुक्कामाला होत्या, त्यामुळे त्यांनीही ऐकला.

कलम नऊ ऐकून माई म्हणाली, "माझं नाव, आणि मलाच नाही?"

"तू सही करशील, माई."

"द्रौपदी, बुरा मत मान," ईश्वरीबाई म्हणाल्या. "लडकी झूठ नहीं बोल रही. तू माझ्याकडे इतकी वर्षं होतीस, एकदा तरी ना बोललीस का? सुट्टी मागायला पण लाजायचीस."

कलम अकरा वाचून झाल्यावर माई म्हणाली, "मेल्यावर कशाला?"

"काय?"

"तू गेल्यावर मी मेहंदी काढून घेऊ? डोकं फिरलंय तुझं? काढायची तर आत्ता काढ. डावा हात चांगला आहे."

मी म्हटले, चोवीस तास लागतील. तिने बाही वर केली. कोपराच्या आत ठिपका होता, वाळून नारिंगी झालेला. फोड नव्हता. परवाच अक्षदाकडून लावून घेतला होता, मला न सांगता. मी नंतर अक्षदाला विचारले तर ती म्हणाली, माईंनी चाचणी कशी करतात ते विचारलं, मी करून दाखवलं.

मी फ्रीझरमधला कोन काढून डावा हात घेतला. तळहाताच्या मधोमध ठिपका दिला आणि भोवती वेल सुरू केली. नवरीच्या हातात नवऱ्याचे नाव नक्षीत लपवायची पद्धत आहे. मी सवयीने जागा सोडली. ती माईने पाहिली.

"इथं नाव असतं ना?"

"असतं. बुजवते."

"बुजवू नको. द्रौपदी लिही."

मी लिहिले. लपवले नाही. ईश्वरीबाई चष्मा लावून बघत होत्या, म्हणाल्या, "स्पेलिंग देख ले, बाद में मिटेगा नहीं."

मेहंदी ओली असताना सुजितचा फोन आला. माईला हात लावता येत नव्हता म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला.

"माई, सही झाली का गं? छपाईवाला थांबलाय."

"नाही केली."

"का? पेन नाही का घरात?"

"हात दुखतोय."

"कुठला?"

"तू रंगवलास तो."

तो म्हणाला, "तवा लागला होता ना माई तुला?"

"नाही, बाळा," माई म्हणाली. "तवा नव्हता."

त्याने फोन ठेवला. माई रडली नाही. तिने विचारले, धुवायला किती वेळ आहे, आणि मी म्हटले, धुवायची नाही, खरवडायची. सकाळी तिने स्वतः खरवडली, खोबरेल तेल लावले आणि हात उघडा ठेवून दूध आणायला खाली गेली.

कलम अकराचा माईच्या मेहंदीबद्दलचा भाग त्यामुळे डाव्या हातापुरता पूर्ण झाला आहे. उजवा हात बरा झाल्यावर तो मी काढेन. मी नसेन तर अक्षदाने काढावा. कलम नऊ मी बदललेले नाही. त्यात माईबद्दल लिहिलेले वाक्य काल संध्याकाळपर्यंत खरे होते, एवढी दुरुस्ती नोंदवते.

वर लिहिलेले सर्व मी वाचले आहे, ते माझेच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर प्रत्येक पानावर मी सही करत आहे.

किर्ती धोंडिबा सकुंडे (सही)

आमच्यासमोर किर्ती सकुंडे यांनी सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर:

१. ईश्वरीबाई, राहणार उल्हासनगर (सही). 'पढ़ के नहीं, सुन के सही' असे लिहू का, असे त्यांनी विचारले. सही पुरेशी आहे असे सांगितले.

२. डॉ. मैत्रेयी, खरवई (सही). किर्ती सकुंडे शुद्धीवर आणि समजत्या मनःस्थितीत आहेत. द्रौपदी सकुंडे यांच्या केसपेपरवरील 'भाजले, तवा' ही नोंद मी आज रुग्णाच्या सांगण्यावरून दुरुस्त केली आहे.

ठिकाण: खरवई, बदलापूर. तारीख: १६ नोव्हेंबर २०२५.

खालच्या दोन ओळी माझ्या आईने लिहिल्या आहेत. ती लाभार्थी आहे, साक्षीदार नाही. कायद्याला या सहीची गरज नाही. मला आहे.

माझ्या हाताला तवा लागला नाही. सुजितच्या कोनाने फोड आले. माझं नाव कुठल्या पेटीवर छापू नये.
द्रौपदी धोंडिबा सकुंडे